हजेरी आणि पंगत : तुरुंगातून परतलेल्या माणसाचा अभ्यास

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. इथला एखादा माणूस शिक्षा भोगत असेल आणि त्याने संचित रजेचा अर्ज केला, तर तुरुंगातून निघालेला कागद फिरत फिरत पोलीस ठाण्यापर्यंत येतो. मग ठाण्यातला जमादार गावात येतो. पोलीस पाटलाशी बोलतो, फिर्यादीच्या घरी जातो, जामीन राहायला तयार असलेल्या नातेवाइकाचा जबाब घेतो. हा आला तर गावात भांडण पेटेल का, फिर्यादीच्या जिवाला धोका आहे का, मुदत संपल्यावर हा आपणहून हजर होईल का, एवढेच त्याचे प्रश्न. १९५९ च्या संचित आणि अभिवचन रजेच्या नियमांनी या चौकशीची रीत घालून दिली. कैदी काही दिवसांसाठी घरी येणार असतो, तेव्हा सरकार गावाला इतके तरी विचारते.

तोच माणूस पूर्ण शिक्षा भोगून कायमचा सुटला की विचारणे थांबते. तो घरी पोचला का, कुणी काम दिले का, बायको नांदते आहे का, मुलीच्या सोयरिकीत त्याची शिक्षा आड आली का, याची चौकशी करायला कुठलाही जमादार येत नाही. आला तर आसपास चोरी झाल्यावर येतो.

शिक्षा भोगलेला माणूस आपल्या माणसांत परत कसा जातो, याचा अभ्यास कसा करावा हा प्रश्न समाजशास्त्राच्या वर्गातला वाटतो. मराठी मुलखात मात्र त्याला काही शतकांचा इतिहास आहे. गोतसभेने, साहेबाच्या पोलिसाने, सेटलमेंटच्या अधिकाऱ्याने, एका संस्थानिकाने, आत्मकथा लिहिणाऱ्या तरुणांनी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी तो आपापल्या रीतीने विचारला. ज्याला जे हवे होते तेवढेच त्याला दिसले. म्हणून अभ्यासाची पद्धत निवडण्याआधी या जुन्या पद्धतींनी काय दाखवले आणि काय झाकले, ते पाहिले पाहिजे.

सर्वांत जुनी नोंद मोडीत आहे. मराठेशाहीत गंभीर दोष घडलेल्या माणसाला गोताबाहेर ठेवत. त्याच्याकडचे पाणी कुणी घेत नसे, पंगतीला त्याचे पान मांडत नसत. पण परत येण्याची वाटही ठरलेली होती. सरकारात राजदंड भरायचा, धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त घ्यायचे, ब्रह्मदंड द्यायचा आणि शेवटी जातभाईंना जेवू घालायचे. गोत त्याच्या पंगतीला बसले की तो परत आला. तशी शुद्धिपत्रे लिहून दिली जात. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात गोतसभा, तिच्या निवाड्याचे महजर आणि या कागदांची बारकाईने मांडणी केली. पुढे हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकाराने दोष आणि प्रायश्चित्त ही कल्पना मध्ययुगीन दख्खनच्या समाजाला कशी बांधून ठेवत होती, याचा शोध घेतला.

या व्यवस्थेत परतण्याला शेवट होता, ही मोठी गोष्ट. अमुक दिवशी अमुक लोक जेवले आणि प्रकरण मिटले. पुढे कुणी दोष काढलाच तर कागद दाखवता येई. आजच्या सुटलेल्या कैद्याच्या हाती असा कागद नाही. तुरुंगाचा सुटकेचा दाखला असतो, पण तो आत असल्याचाच पुरावा, आपल्या माणसांनी घरात घेतल्याचा नव्हे.

तरीही या कागदांवर फार भाळून चालणार नाही. दंड भरण्याची ऐपत असलेल्याचीच शुद्धी होई. जात वरची की खालची यावर प्रायश्चित्ताचे माप बदले. बाईसाठी तर वाट बहुधा बंदच असे. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांना पेशवाईत सरकारजमा करून कुणबिणी म्हणून राबवले जाई. त्यांच्या परतण्याचा कागद कोण लिहिणार? शिवाय महजर लिहिला जाई तो तंटा मिटल्यावर, मिटवणाऱ्यांच्या शब्दांत. परतलेल्या माणसाला त्या पंगतीत कसे वाटले, ते त्यात सापडत नाही. दप्तर हे अभ्यासाचे पहिले साधन खरे, पण ते एका बाजूने बोलते.

वऱ्हाडात दुसरी पद्धत आली ती इंग्रजी पोलिसांबरोबर. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. पुढे वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला. तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात मिळवला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा निघाला. याच वऱ्हाडच्या पोलीस खात्यातले अधिकारी ई. जे. गनथॉर्प यांनी १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर टिपणांचे पुस्तक छापले. पेहराव, बोली, देव, चोरीच्या तऱ्हा असा त्याचा मजकूर. ठाण्यातल्या माणसाला समोरचा इसम ओळखता यावा, हा हेतू. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यातही गनथॉर्प यांचा आधार घेतलेला आहे. अशा रीतीने पोलिसाचे टिपण विद्वानांच्या कपाटात गेले आणि तिथून पाठ्यपुस्तकांत.

या पद्धतीची खोट उघड आहे. माहिती देणारे होते पकडलेले लोक, माफीचे साक्षीदार आणि खबरे. न पकडला गेलेला, कधीच चोरी न केलेला, चोरी सोडून शेतीला लागलेला माणूस या टिपणांत येण्याचा प्रश्नच नव्हता. जो परत आला, नीट राहिला, तो पोलिसाच्या दृष्टीने नाहीसाच झाला.

त्याहून घातक गोष्ट कायद्याने केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्माचा शिक्का मारला. आधी तो उत्तर हिंदुस्थानपुरता होता, १९११ च्या नव्या कायद्याने त्याचा विस्तार झाला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि गाव सोडायचे तर पास घ्यायचा. इथे एक भेद ठामपणे सांगायला हवा. गुन्हा करून शिक्षा भोगलेला माणूस वेगळा आणि एका जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार ठरलेला माणूस वेगळा. दुसऱ्याला ‘परत’ कुठे जायचे होते? तो कुठे गेलाच नव्हता. या दोघांना एकाच रकान्यात घालणारा कुठलाही अभ्यास, त्याची पद्धत कितीही काटेकोर असो, पहिल्याच पायरीवर चुकलेला असतो. आजही ही चूक होते. पारधी वस्तीत जाऊन गुन्हेगारांच्या पुनर्वसनाची प्रश्नावली भरून आणणारे लोक गनथॉर्प साहेबाचेच काम पुढे चालवत असतात.

मराठीत या विषयावर लिहिणारे पहिले मोठे नाव त्रिंबक नारायण आत्रे यांचे. त्यांचे ‘गुन्हेगार जाती’ १९११ चे आणि ‘गाव-गाडा’ १९१५ चे. आत्रे यांच्या लेखनाचे बळ असे, की ते पोलीस ठाण्यातून पाहत नाहीत, गावाच्या वेशीतून पाहतात. फिरस्त्यांचा, मागत्यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, पाटील-कुळकर्णी काय करतात, बलुत्याचा हिशेब कसा चालतो, हे सगळे ते आतून जाणतात. पण ते गावाच्या बाजूने इतके बोलतात, की वेशीबाहेर पाल ठोकून राहिलेल्याचा आवाज त्यांच्या पानांत जवळजवळ येत नाही. वेशीतून पाहणाऱ्याला पालाच्या आतले कसे दिसावे?

मुंबई इलाख्यात याच काळात ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने सेटलमेंटची व्यवस्था उभी केली. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी तारांच्या कुंपणात वसाहती वसल्या. सोलापूर, हुबळी, गदगच्या गिरण्यांना त्यातून मजूर मिळाले. वर्षे नीट काढली, की कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. समाजात परत येण्याच्या पायऱ्या सरकारने इतक्या आखीवपणे बांधल्याचे उदाहरण आपल्याकडे दुसरे सापडणे कठीण.

या कारभाराचे वार्षिक अहवाल निघत. वसाहतीत किती माणसे, किती कामावर, किती मुले शाळेत, किती पळाले, किती जणांवर खटले. अधिकाऱ्याला सुधारणा मोजायची होती आणि मोजमापाला गिरणीचे हजेरीपुस्तक सोयीचे होते. गिरणीत रोज हजर असलेला माणूस सुधारला, असे धरले गेले. पण कुंपणात राहणाऱ्याने हजर न राहून काय केले असते? पळाला तर कायदा मागे होताच. ज्या वागण्याला दुसरा पर्याय नाही, ते वागणे मन बदलल्याचा पुरावा होऊ शकत नाही. संशोधनाची ही फार जुनी चूक आहे आणि आजच्या कारागृहांत ‘चांगली वर्तणूक’ मोजली जाते तिथेही ती अधूनमधून घडते.

मुंबई सरकारने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपला. विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नोंदवही वेगळ्या नावाने चालू राहिली. ज्या वर्षी कैद्याला घरी जाऊ देणारे रजेचे नियम झाले, त्याच वर्षी हा कायदाही झाला.

या सगळ्याच्या अगदी उलट वाटेने गेलेला एक प्रयोग मराठी माणसाला सिनेमामुळे ठाऊक आहे, पण सिनेमाइतकाच ठाऊक आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले, गांधीजींच्या सहवासात भारतानंद झालेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. भिंत नाही, तट नाही. शिक्षा झालेल्या माणसाने बायकामुलांसह राहायचे, जमीन कसायची, बाजारात जायचे आणि परत यायचे. ग. दि. माडगूळकर याच माणदेशातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि पुढच्या वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले.

स्वतंत्रपूर ही वसाहत आजही आहे. तिचे अभ्यासातले मोल असे, की इथे पाहण्याची जागा बदलली. तुरुंगात कैदी एकटा दिसतो, इथे तो नवरा, बाप, शेतकरी, गिऱ्हाईक म्हणून दिसतो. परतणे म्हणजे ही जुनी नाती पुन्हा हातात घेणे, हे स्वतंत्रपूरने पंचाऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीवर दाखवून दिले. मात्र तिथली लोकप्रिय गोष्ट वसाहतीच्या हद्दीवर थांबते. कोण पळाले नाही, ही गोष्ट सांगायला सोपी. शिक्षा संपवून मूळ गावी गेलेल्या माणसाच्या शेताला बांधाच्या शेजाऱ्याने पाणी दिले की नाही, ते सांगायला त्या गावात जाऊन राहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर अभ्यासाची भाषा बदलली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले होते, तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस हे अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ भारतात आले आणि तुरुंग सुधारणेवर त्यांनी अहवाल दिला. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात देशभरच्या तुरुंगांची पाहणी केली. आकडेवारीचे यंत्रही उभे राहिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ चा, तुरुंगांची त्याची स्वतंत्र वार्षिक आकडेवारी १९९५ पासूनची.

आकड्यांचा मान राखूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचा आकडा आपल्याकडे काढला जातो तो आत आलेल्यांवरून : पकडलेल्यांत किंवा शिक्षा झालेल्यांत पूर्वी आत जाऊन आलेले किती, असा. म्हणजे मोजणारा तुरुंगाच्या दारात उभा राहून आत येणाऱ्यांना मोजतो. बाहेर गेलेले आणि पुन्हा कधीच न आलेले त्याच्या मोजणीत येणारच नाहीत. खरे मोजायचे तर बाहेर पडणाऱ्यांची एक तुकडी धरावी लागते आणि तिच्या मागे वर्षानुवर्षे चालावे लागते. अमेरिकेत हे केले गेले. २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्या कैद्यांपैकी ६८ टक्के ३ वर्षांत आणि ८३ टक्के ९ वर्षांत पुन्हा पकडले गेले, असे तिथल्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने दाखवले. आकडा भयंकर आहे. पण तो अटकेचा आहे. जिथे चोरी झाली की आधी जुन्याच माणसाला उचलतात, तिथे अटक हे त्याच्या वागण्याचे माप की पोलिसांच्या सवयीचे, हे आकडा सांगत नाही. आपल्याकडे पारधी वस्त्यांनी हा अनुभव पिढ्यानपिढ्या घेतला आहे.

दीर्घकाळ माग काढण्याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण बोस्टनचे. हार्वर्डचे शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने गुन्ह्यात अडकलेली ५०० आणि न अडकलेली ५०० मुले घेऊन त्यांची घरे, शाळा, शेजार यांची अफाट माहिती जमवली. पुढे ही कागदपत्रे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या तळघरात खोक्यांत पडून राहिली. १९८० च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी ती उघडली, नव्याने जुळवली आणि १९९३ मध्ये पुस्तक लिहिले. मग सत्तरीकडे आलेल्या त्या मुलांपैकी ५२ जणांना शोधून त्यांच्याशी बोलले. लहानपणी सारखेच बिघडलेले दोघे पुढे वेगळ्या वाटांनी का गेले? टिकाऊ संसार, स्थिर काम, सैन्यातली नोकरी अशा वळणांनी फरक पडला होता. आकडे आणि बोलणे एकत्र आले तेव्हाच हे कळले. नुसत्या खोक्यांतून कळले नसते आणि नुसत्या गप्पांतूनही नाही.

लिव्हरपूलमध्ये शॅड मरुना यांनी गुन्हा सोडलेल्यांच्या आणि न सोडलेल्यांच्या जीवनकहाण्या शेजारी ठेवून वाचल्या. त्यांचे पुस्तक २००१ चे. सोडलेले लोक आपल्या भूतकाळाची एक अर्थपूर्ण गोष्ट रचतात, मी मुळात वाईट नव्हतो आणि आता या अनुभवाचा दुसऱ्यांना उपयोग करून देतो, असे स्वतःला सांगतात, हे त्यांच्या लक्षात आले. मराठी वाचकाला हे वाचून लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आठवेल. १९८० च्या त्या पुस्तकानंतर १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले आणि बेळगावच्या भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ लिहिले. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. सुमारे शंभर वर्षे ज्यांच्याविषयी दुसरेच लिहीत आले, त्यांनी स्वतः लिहायला घेतले. हजेरीला उभे राहणे, पोलिसांची झडती, शाळेत बसलेल्या पोराकडे वळलेल्या नजरा हे सारे आतून आले. गनथॉर्पपासून रसेलपर्यंतच्या खंडांनी जे सांगितले नाही ते या पुस्तकांनी सांगितले. अभ्यासकांनी त्यांच्याकडे फक्त साहित्य म्हणून पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पण एक मर्यादाही आहे. आत्मकथा लिहितो तो वर आलेला, शिकलेला. जो पुन्हा आत गेला, जो दारूत संपला, जी बाई माहेरीही परत गेली नाही, त्यांची कहाणी ऐकायला दुसऱ्या कुणाला तरी जाऊन बसावे लागते.

मग प्रयोगाची पद्धत. देवाह पेजर यांनी मिलवॉकी शहरात तरुणांच्या जोड्या तयार करून नोकरीच्या अर्जांसाठी पाठवल्या. पात्रता सारखी, फरक फक्त तुरुंगाच्या नोंदीचा. २००३ मध्ये निकाल आला. गोऱ्या उमेदवाराला नोंद नसता ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असता १७ टक्के. काळ्या उमेदवाराला नोंद नसताना १४ टक्के आणि असताना ५ टक्के. म्हणजे तुरुंग पाहून आलेल्या गोऱ्याला तुरुंग न पाहिलेल्या काळ्यापेक्षा जास्त बोलावणी आली. हा शोध थरकाप उडवणारा आहे. पुण्या-मुंबईत आडनाव आणि पत्ता बदलून असा प्रयोग करता येईल.

रिठदमध्ये तो चालणार नाही. तिथे नोकरीचा अर्ज नसतो. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो तो तोंडी, सोयाबीनच्या सोंगणीला मजूर लागतात तेव्हा मुकादमाला निरोप जातो, तूर काढायला कुणाला बोलवायचे हे आदल्या संध्याकाळी ठरते. माणसाची नोंद कुठल्या कागदावर नसते, ती सगळ्या गावाला तोंडपाठ असते. म्हणूनच जगभरच्या पद्धती आणून जशाच्या तशा मांडण्यापेक्षा गावाला ज्या गोष्टीतून परतणे कळते, तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

अशा तीन गोष्टी वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारल्या तरी तो सांगेल : पंगत, काम आणि सोयरीक. लग्नाचे, तेरवीचे बोलावणे आले का? काम कुणी दिले, आणि तेच काम दुसऱ्याला ज्या मजुरीने मिळते त्याच मजुरीने दिले का? पोरापोरींच्या लग्नाची बोलणी कुठे अडली? मराठेशाहीतल्या गोताने पंगतीला परतण्याचे माप मानले ते उगीच नव्हते. त्या मापातला जातीचा जाच वगळून माप ठेवता येते. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यामुळे पंगत नाकारणे आता अभ्यासाचाच नाही, कायद्याचाही विषय झाला आहे.

आणि कागद? ते गावात आहेतच, फक्त वेगळ्या डोळ्यांनी वाचायचे. माणूस आत असताना सातबाऱ्यावर वाटणी झाली का आणि त्याचा हिस्सा राहिला का, रेशनकार्डावरून कमी झालेले नाव परत चढले का, रोजगार हमीचे जॉब कार्ड निघाले का, मुलाचा शाळेचा दाखला मध्येच दुसऱ्या गावी गेला का. तलाठी, ग्रामपंचायत आणि शाळा यांच्या दप्तरात परतण्याचा तपशील विखुरलेला असतो. संमती घेऊन, एकेका घराशी जोडून तो वाचला, तर पोलीस अहवालापेक्षा कितीतरी जास्त सांगेल.

गावात शिरण्याची वाटही पद्धतीचाच भाग आहे. पोलीस पाटलाचा हात धरून अभ्यासक वस्तीत गेला, तर त्याला जमादाराला मिळतात तीच उत्तरे मिळणार. टाटा संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘प्रयास’ या प्रकल्पातून वेगळी वाट दिसली. तिथले कार्यकर्ते तुरुंगात आणि ठाण्यात मदतीचे काम करत गेले, वकील मिळवून देणे, घरच्यांना निरोप पोचवणे, सुटल्यावर काम शोधणे, आणि त्या कामातून त्यांची माहिती उभी राहिली. आधी उपयोगी पडायचे, मग विचारायचे. याला वेळ लागतो आणि मदत घेणारा माणूस मदत देणाऱ्याला आवडेल तेच बोलण्याचा धोकाही असतो. तो धोका ओळखून वेगवेगळ्या तोंडांतून तीच हकीकत ऐकावी लागते : त्याच्याकडून, बायकोकडून, भावाकडून, आणि ज्याचे नुकसान झाले त्या घराकडूनही. त्या घराला वगळून केलेला अभ्यास गावाला कधीच मान्य होणार नाही, आणि होऊही नये. ज्याचा भाऊ मारला गेला त्याच्या दारावरून मारणारा रोज शेतात जातो. हे दोघे एकमेकांकडे कसे पाहतात, याला कुठलीही प्रश्नावली पुरत नाही.

बायांचा प्रश्न वेगळाच आहे. तुरुंगातून आलेल्या पुरुषाला आईचे घर बहुधा उघडे असते. बाईला सासर बंद, माहेर साशंक. ती रिठदला परतण्याऐवजी अकोल्याला किंवा पुण्याला निघून गेली असेल, तर गावात केलेल्या पाहणीत ती सापडणार नाही. तिच्या बाबतीत गावात येणाऱ्या रस्त्यापेक्षा गावातून जाणारा रस्ता धरावा लागेल.

आणि नाव लपवण्याचे काय? शहरातल्या अभ्यासात ‘क्ष’ म्हटले की झाले. इथे ‘वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातला, खुनाची शिक्षा भोगून आलेला, दोन एकर कोरडवाहू शेतीचा क्ष’ असे लिहिले, तर पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही कळेल कोण ते. छापील अहवाल त्याची नवी हजेरी होऊन बसेल. म्हणून रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर अशा तालुक्यांतली अनेक गावे एकत्र धरून, तपशील मिसळून लिहिणे भाग आहे. लिहिलेले आधी त्या माणसाला वाचून दाखवणे आणि तो नको म्हणेल ते गाळणे, हेही. यात अभ्यासाची धार थोडी कमी होईल. ती होऊ द्यावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना सराईत ठरवणाऱ्या जुन्या भाषेवर बोट ठेवले. नोंदवही बदलली तर तिच्यावर उभा राहणारा अभ्यासही बदलावा लागेल. वाशीम जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अकोल्याचे जिल्हा कारागृह, अमरावतीचे मध्यवर्ती कारागृह आणि मोर्शीचे खुले कारागृह हे सगळे याच वऱ्हाडात आहे. या कारागृहांतून एका वर्षात सुटणाऱ्यांपैकी जे संमती देतील, त्यांच्यासोबत पुढची दहा वर्षे चालेल असा एक अभ्यास विद्यापीठाच्या समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या विभागांनी हाती घ्यावा. त्याचा पहिला प्रश्न रिठदच्या पोलीस पाटलाला विचारू नये, परतलेल्या माणसाला विचारावा.